हिमालयातल्या दरडी आणि मलब्याचे लोंढे : चारधामला आणि ट्रेकला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

अक्षय्य तृतीया जवळ आली की आमच्या सोसायटीत, नात्यात, जुन्या ऑफिसमधे सगळीकडून फोन सुरू होतात, केदारनाथचं बुकिंग झालंय पण टीव्हीवर बघून भीती वाटतेय, काय करू. गढवालमधे मी बरीच वर्षं जातोय, कधी यात्रेला, कधी ट्रेकला, आणि दरवेळी तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. मोठं झालंय पण ज्याला जायचंय त्याने पूर्ण वाचा प्लीज, निदान मुक्कामाच्या जागेबद्दलचं तरी.

दरड कोसळणं आणि २०२५ ला उत्तराखंडात गंगोत्रीच्या वाटेवर हे जे धराली गावात आलं, दोन्ही एकच का?

नाही. दरड म्हणजे डोंगराच्या उताराचा एक भाग सुटून खाली येतो, आपल्याकडे घाटात येते तशी, ती जिथे सुटते त्याच्या खालीच पडते आणि थांबते. मलब्याचा लोंढा, ज्याला शास्त्रज्ञ डेब्रिस फ्लो म्हणतात, तो वेगळा प्रकार आहे. त्यात माती, रेती, धोंडे, झाडं आणि पाणी सगळं एकत्र कालवलं जातं, अगदी स्लॅब टाकताना मिक्सरमधून काँक्रीट येतं ना तसं, आणि ते नाल्याच्या वाटेने किलोमीटरच्या किलोमीटर खाली येतं. या काल्याची घनता पाण्याच्या दुपटीच्या आसपास जाते, त्यामुळे घराएवढे धोंडे त्यात बुडत नाहीत, पुढच्या तोंडावर ढकलले जातात. पुरात माणूस पोहून वाचू शकतो, यात पोहणं वगैरे काही नसतं. उतार जास्त असेल तर वेग ताशी ३०-४० किमी किंवा त्याच्याही वर जातो, म्हणजे त्याच्यापुढे सरळ पळून कोणी सुटत नाही.

तिकडचे लोक याला मलबा आला, गाड आली असंच म्हणतात. गाड किंवा गधेरा म्हणजे डोंगरातून मोठ्या नदीला मिळणारा ओढा. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पाऊसच नव्हता म्हणतात, मग एवढा मलबा आला कुठून?

हा प्रश्न धरालीनंतर सगळ्यांनीच विचारला. ५ ऑगस्ट २०२५ ला दुपारी खीर गाडमधून लोंढा आला आणि गंगोत्रीच्या वाटेवरचा धरालीचा बाजार, हॉटेलं, होमस्टे काही क्षणात गेले. जवळच्या पाऊस मोजायच्या केंद्रांवर त्या दिवशी पाऊस अगदी किरकोळ नोंदला गेला होता. पण ती केंद्रं खाली खोऱ्यात आहेत, आणि खीर गाड सुरू होते हजारो फूट वर, हिमनदीच्या तोंडाशी, तिथे पाऊस मोजणारं यंत्रही नाही आणि माणूसही नाही. वर काय झालं ते खाली बाजारात चहा पिणाऱ्याला कळायचा मार्गच नसतो. नदीपलीकडे मुखबा गाव आहे, तिथल्या लोकांना वरून लोंढा येताना दिसला, ते जिवाच्या आकांताने ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील.

आणि पाऊस लागतोच असंही नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत स्वच्छ ऊन होतं, भर हिवाळा. रौंठी शिखराच्या उतारावरून साधारण २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ एकदम सुटला, खाली १,८०० मीटर कोसळला, कोसळताना बर्फ घासून वितळला आणि त्याचा मलबा होऊन ऋषिगंगेतून धौलीगंगेत गेला. ऋषिगंगेवरचा वीज प्रकल्प गेला, तपोवनला बोगद्यात काम करणारे अडकले, २०० च्या वर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. म्हणून "आकाश निरभ्र आहे, काही होत नाही" हे वाक्य मी तरी पहाडात कधी उच्चारत नाही.

प्रत्येक वेळी बातमीत ढगफुटी म्हणतात, ती ढगफुटीच असते का?

नसते. हवामान खात्याची व्याख्या साधी आहे, २०-३० चौरस किमी एवढ्या छोट्या भागात एका तासात १०० मिमी किंवा जास्त पाऊस. बऱ्याच घटनांमधे असं मोजमापच नसतं, पण ढगफुटी म्हटलं की विषय संपतो, देवाने केलं, आपल्या हातात काय होतं. प्रत्यक्षात कधी बेताचाच पण दोन-तीन दिवस लागून राहिलेला पाऊस, कधी हिमनदीवरचं तळं फुटणं, कधी वर दरडीने नाला अडणं आणि मग तो बांध फुटणं, अशी वेगवेगळी कारणं निघतात. कारण वेगळं की तयारी वेगळी, म्हणून मला हा शब्द असा सरसकट वापरलेला पटत नाही.

२०१३ ला केदारनाथला नक्की काय झालं होतं?

त्या वर्षी मान्सून अभूतपूर्व घाईत होता, १६ जूनलाच अख्खा देश व्यापला, एरवी त्याला जुलै उजाडतो. म्हणजे यात्रेची भर गर्दी, वर अजून बर्फ, आणि त्या बर्फावर पाऊस. १६ जूनच्या संध्याकाळी आजूबाजूच्या उतारांवरून पाणी आणि मलबा केदारपुरीत घुसला, आणि १७ च्या सकाळी वरचं चोराबाडी ताल फुटलं. हे तळं म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधामागे साठलेलं पाणी, पक्का कातळ नाही काही नाही. बांध फुटल्यावर तळं काही मिनिटांत रिकामं झालं. देवळामागे एक मोठी शिळा अडकली आणि लोंढा दोन बाजूंना फाटला, तीच भीमशिला. खाली रामबाडा नावाचा मुक्काम होता, ज्यांनी २०१३ च्या आधी यात्रा केलीय त्यांना तिथले चहाभजी आठवत असतील, तो पूर्ण नाहीसा झाला. मेलेले आणि बेपत्ता मिळून आकडा ५ हजारांच्या वर गेला, त्यात महाराष्ट्रातलेही होते, आणि कितीतरी घरांना शेवटचं दर्शनसुद्धा मिळालं नाही.

आम्ही नदीकाठचं मस्त हॉटेल बुक केलंय, बाल्कनीतून पाणी दिसतं, चालेल ना?

याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं असं समजा.

हिमालयात सपाट जागा फार कमी. सगळीकडे उभा उतार, आणि मधेच कुठेतरी नदीच्या काठावर पंख्यासारखी पसरलेली छान सपाट जमीन, सफरचंदाच्या बागा, शेतं, आता हॉटेलं. ही जमीन आली कुठून हा प्रश्न आपण विचारतच नाही. ती त्या गधेऱ्यानेच आणून टाकलेली आहे. वरून मलबा येतो, उतार संपला की वेग कमी होतो, लोंढा पसरतो आणि थांबतो, असं शेकडो वर्षांत अनेकदा झालं की तो पंखा तयार होतो. म्हणजे तुम्ही ज्या जागेला सपाट मोकळी सुंदर जागा म्हणताय ती आधी येऊन गेलेल्या लोंढ्यांची जागा आहे, आणि ज्याने एकदा वाट केली तो परत त्याच वाटेने येणार. धराली अशाच पंख्यावर वसलेली होती. तिथलं कल्प केदारचं जुनं देऊळ आधीपासूनच अर्धं जमिनीत गाडलेलं होतं, लोक पायऱ्या उतरून दर्शनाला जायचे, म्हणजे जमीन स्वतःच सांगत होती की इथे पूर्वी काय झालंय. २०२५ च्या लोंढ्यात ते देऊळ परत गाडलं गेलं.

मालपाचंही तसंच. १९९८ च्या ऑगस्टमधे कैलास मानसरोवरच्या वाटेवर पिथोरागडमधल्या या छोट्या मुक्कामावर रात्री यात्रेकरू झोपले होते, वरून डोंगर आला, २०० च्या वर माणसं गेली, त्यात ६० च्या आसपास यात्रेकरू होते. नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्यातच गेल्या.

म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी एवढं करा, दहा मिनिटं लागतात. गूगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावा, हॉटेल शोधा, आणि त्याच्या मागे डोंगरात बघा. मागून एखादा नाला सरळ हॉटेलच्या दिशेने उतरतोय का? त्या नाल्यात पांढरट करडे धोंडे पसरलेले दिसतात का, दोन्ही बाजूला झाडी आणि मधेच उघडा पट्टा असा? नाला जिथे नदीला मिळतो अगदी तिथेच हॉटेल आहे का? यातलं एकही हो आलं तर दुसरं हॉटेल बघा, मग बाल्कनी कितीही भारी असूदे आणि ॲडव्हान्स बुडाला तरी बुडूदे. जुनी गावं बघा कुठे असतात, बहुतेक वर, कड्याच्या सोंडेवर, नाल्यापासून लांब, पाणी आणायला बायकांना खाली उतरावं लागायचं तरी त्यांनी घरं खाली बांधली नाहीत. खाली बाजार आला तो रस्ता आल्यानंतर.

एकदा आम्ही अकरा जण होतो, जुलै संपत आलेला, संध्याकाळी पोचलो आणि बघतो तर हॉटेलच्या मागच्या भिंतीला लागूनच गधेरा. मॅनेजर म्हणाला काही होत नाही, आठ वर्षं झाली हॉटेल बांधून. आठ वर्षं म्हणजे डोंगराच्या हिशेबात काहीच नाही हो. आम्ही सामान उचललं, वरच्या गावात शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्या, जमिनीवर गाद्या टाकून झोपलो. त्या रात्री काहीही झालं नाही. पण मी परत तेच करीन.

कोणत्या महिन्यात जावं मग?

मे ते जूनचा पहिला आठवडा, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. मे मधे गर्दी भयंकर असते, ऑक्टोबरमधे थंडी वाढते पण आकाश धुतल्यासारखं स्वच्छ आणि रस्ते बऱ्यापैकी मोकळे, मला विचाराल तर ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट टाळा, श्रावणात केदारनाथ करायचा संकल्प असेल तरी टाळा, देव तोच आहे दोन महिन्यांनी पण. अर्थात तारखांची गॅरंटी नाही, २०१३ चं जूनमधे झालं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरमधे मान्सून गेला असं म्हणेपर्यंत १७ ते १९ तारखेला कुमाऊंत प्रचंड पाऊस होऊन दरडींनी खूप माणसं गेली.

आपल्या सह्याद्रीतही दरडी येतात, माळीण झालं, इर्शाळवाडी झाली, मग हिमालयातच एवढं वेगळं काय?

माळीण ३० जुलै २०१४, १५१ माणसं. तळिये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ची रात्र. ही नावं आपण विसरू शकत नाही, माळीणला तर सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरला गावच दिसेना तेव्हा जगाला कळलं. दुःख तेच आहे, डोंगर वेगळे आहेत. सह्याद्री म्हणजे जुना थंड झालेला लाव्हा, बेसॉल्टचा भक्कम कातळ, त्याच्यावर मुरूम आणि मातीचा थर. अतिवृष्टीत तो वरचा थर पाण्याने जड होतो आणि कातळावरून घसरतो. त्यामुळे आपल्याकडे दरडींचा सीझन जवळपास पावसाळाच.

हिमालय अजून घडतोय. भारताचा भूभाग दरवर्षी काही सेंटीमीटर उत्तरेला सरकतोय आणि त्या रेट्याने खडक दुमडलेत, चिरलेत, भुगा झालेत. मोठमोठे भ्रंश आहेत, म्हणजे ज्यांच्यावरून खडक सरकतात अशा खोल भेगा, भूकंप आहेत, १९९१ ला उत्तरकाशी, १९९९ ला चमोली. त्यात उंची एवढी की दिवसा बर्फ वितळून पाणी फटीत शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, आणि दगड पाचरीने फोडल्यासारखा फुटतो. वर हिमनद्यांनी मागे टाकलेले मातीदगडांचे ढीग, नुसते ढीग, कशाने बांधलेले नाहीत. मग भूकंपाचा धक्का असो की पाऊस की तळं फुटणं, माल तयारच असतो. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात लांगटांग गाव असंच बर्फ-दगडांखाली गेलं, पावसाचा थेंब नसताना.

इस्रोने २०२३ ला दरडींचा ॲटलास काढला त्यात देशातल्या १४७ जिल्ह्यांत रुद्रप्रयाग पहिला होता, टिहरी दुसरा. केदारनाथ रुद्रप्रयाग जिल्ह्यातच येतं.

गाडीत असताना समोर दरड आली तर?

गाडी थांबवा, पण जिथे थांबलात ती जागा वर मान करून बघा. लोकांची मोठी चूक म्हणजे रस्ता बंद झाला की त्याच उताराखाली रांग लावून उभं राहायचं, उतरून फोटो, व्हिडिओ कॉल, मुलं दगड गोळा करतायत. एक दरड पडली म्हणजे शेजारचा उतारही ढिला झालेला असतो. दोन-तीनशे मीटर मागे या, जिथे वर पक्का कातळ किंवा दाट जुनी झाडी आहे आणि रस्ता नाल्यावर नाही अशा ठिकाणी थांबा.

आधी छोटे दगड टपटप यायला लागतात, माती भुरभुरते, धूळ उठते, तीच वॉर्निंग. म्हणून दरडीच्या पट्ट्यात गाणी बंद, काचा थोड्या खाली, आणि एकाने खिडकीतून वर बघत राहायचं, आमच्या गाडीत हे काम कायम कोणाला तरी दिलेलं असतं. श्रीनगर (काश्मीरचं नाही, गढवालमधलं) आणि रुद्रप्रयागच्या मधे सिरोबगड, पिपळकोटी सोडल्यावर पागल नाला, बद्रीनाथच्या आधी लामबगड, ही वर्षानुवर्षं सरकणारी ठिकाणं, ड्रायव्हर मंडळींना पाठ असतात. ड्रायव्हर म्हणाला आत्ता नको, तासभर थांबू, तर हुज्जत घालू नका, त्याचंही घर आहे. बीआरओची (सीमा रस्ते संघटनेची) माणसं जेसीबी लावून रस्ता मोकळा करतात, ते हात करतील तेव्हाच निघायचं, एकामागून एक, मधे अंतर ठेवून.

हिमाचलमधल्या किन्नौरचं २०२१ आठवा. २५ जुलैला बटसेरीला वरून दगड आले आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधले नऊ पर्यटक गेले, अठरा दिवसांत ११ ऑगस्टला निगुलसरीला एसटीसारखी सरकारी बस आणि बाकीच्या गाड्या दरडीखाली गेल्या. अंधारात दगड दिसत नाहीत, म्हणून रात्री पहाडात गाडी चालवायची नाही. प्लॅन करताना रोजचा प्रवास दुपारी तीन-चारला संपेल असाच करा, कारण पावसाचा जोर बहुतेकदा दुपारनंतर आणि रात्री असतो.

केदारनाथ पायी चढताना काय सांभाळायचं?

गौरीकुंडहून १६ किमीच्या आसपास आहे. पहाटे निघा. शॉर्टकट घेऊ नका, ते पाण्याच्या वाटेतूनच वर जातात आणि वरून चालणाऱ्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. नाल्यावरच्या पुलांवर आणि धबधब्यांपाशी रेंगाळू नका. जोराचा पाऊस लागला तर पुढे रेटू नका, वाटेतल्या भीमबली, लिंचोली जिथे असाल तिथे पोलीस आणि एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती बचाव दल) सांगतील तसं थांबा. ३१ जुलै २०२४ च्या रात्री याच वाटेवर लिंचोली-भीमबली भागात पावसाने वाट तुटली आणि दहा हजारांच्या वर लोकांना हेलिकॉप्टरने आणि चालत बाहेर काढावं लागलं. गौरीकुंडलाही ऑगस्ट २०२३ ला रात्री दुकानांवर दरड येऊन माणसं मंदाकिनी नदीत गेली. रजिस्ट्रेशन केल्याशिवाय जाऊ नका, लोक त्याला कटकट म्हणतात पण तुम्ही वर आहात हे कुणाच्या तरी यादीत असतं.

लोंढा येतोय हे आधी कसं ओळखायचं आणि पळायचं कुठे?

काही खुणा आहेत. ओढ्याचं पाणी एकदम गढूळ, चॉकलेटी होणं. पाण्यात पानं, फांद्या, मुळासकट झाडं येणं. आणि सगळ्यात फसवी खूण, पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी अचानक कमी होणं. लोकांना वाटतं बरं झालं ओसरलं, पण वर कुठेतरी दरड पडून पाणी अडलेलं असू शकतं आणि तो बांध फुटला की सगळं एकदम येतं. मग आवाज, धोंडे एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा, लांबून मालगाडी यावी तसा, पायाखाली जमीन थरथरते, कधी ओल्या मातीचा उग्र वास येतो. उतारावर नव्या भेगा, तिरके झालेले खांब आणि झाडं, दारं अचानक घट्ट लागणं, एखाद्या झऱ्याला गढूळ पाणी, ही दरडीची लक्षणं.

पळायचं नाल्याला काटकोनात, बाजूच्या उंचवट्यावर. नाल्याच्या दिशेने खाली पळायचं नाही, रस्ता सरळ आहे म्हणून त्याने पळायचं नाही. पूल ओलांडायचा नाही. गाडी, बॅग, मोबाईलचा चार्जर काही घ्यायचं नाही. आणि एकदा वर गेलात की वरच थांबा, लोंढे एकामागून एक येतात, पहिला गेला म्हणून सामान बघायला खाली आलेली माणसं दुसऱ्यात सापडतात. रात्री मुक्कामाला पोचलात की उजेड असतानाच बाहेर येऊन एकदा बघून ठेवा, पळायची वेळ आली तर कुठे चढायचं, आणि ते बरोबरच्या प्रत्येकाला दाखवा, लहान मुलांना पण. बूट दाराशी, टॉर्च उशाशी.

हे सगळं रस्ते आणि धरणांमुळे होतंय का?

डोंगर पूर्वीही कोसळायचे, त्यामुळे सगळं रस्त्यांवर ढकलणं बरोबर नाही. पण उताराचा पायथा कापला की वरचा भाग कशाच्या आधाराने उभा राहणार? चारधामचा रस्ता रुंद करायचं काम ८८९ किमीचं, आणि ताजे कापलेले उभे उतार तुम्हाला वाटेत जागोजागी दिसतील, जाळ्या लावलेले, तरी वाहणारे. काढलेला मलबा खाली नदीत लोटला की पुढच्या पुराला तोच माल मिळतो. जोशीमठ जुन्या दरडीच्या राड्यावर वसलंय, तिथे जड बांधकाम आणि सुरुंग नकोत असं मिश्रा समितीने १९७६ ला लिहून दिलं होतं. जानेवारी २०२३ ला शेकडो घरांना भेगा पडल्या तेव्हा सगळ्यांना तो कागद आठवला. रैणी गाव माहीत असेल, २६ मार्च १९७४ ला गौरा देवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना मिठ्या मारून ठेकेदाराची माणसं परत पाठवली ते चिपकोचं रैणी. २०२१ चा लोंढा त्याच रैणीखालून गेला. त्या बायकांनी १९७० चा अलकनंदेचा महापूर पाहिला होता, जंगल तुटलं की डोंगर खाली येतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

हवामान बदलामुळे वाढणार का अजून?

धोका वाढतोय हे नक्की. हिमनद्या मागे हटतात तशी त्यांच्यापुढे तळी तयार होतात, असलेली मोठी होतात, आणि उंचावरचे उतार जे कायम गोठलेले राहून एकसंध होते ते आतून सैल होतात. सिक्कीममधे ३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री हेच झालं, दक्षिण ल्होनाक तळ्याच्या काठाचा गोठलेला ढिगारा पाण्यात कोसळला, लाट उठली, तळं फुटलं आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण, १,२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचं, वाहून गेलं. शिवाय पूर्वी जिथे बर्फ पडायचा तिथे आता पाऊस पडतो, आणि बर्फ जागेवर बसून राहतो तसा पाऊस राहत नाही.

मग एवढं सायन्स पुढे गेलंय तर आधी सांगता येत नाही का?

येतं, सगळं नाही पण बरंच. आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे, ते सांगतोच. १८९३ च्या सप्टेंबरमधे चमोलीत बिरही गंगेवर अख्खा डोंगर कोसळला आणि नदी अडून गोहना नावाचं प्रचंड तळं तयार झालं. इंजिनिअरांनी हिशेब केला की तळं भरायला जवळपास वर्ष लागेल, पुढच्या ऑगस्टमधे पाणी बांधावरून वाहील. मग त्यांनी काय केलं तर तळ्यापासून खाली तारेची लाइन टाकली, पाणी किती उंचीपर्यंत येईल त्याच्या वर डोंगरावर खांब बांधले की याच्या वर राहा, पूल काढून घेतले, गावं हलवली. १८९४ च्या २५ ऑगस्टला रात्री बांध फुटला. श्रीनगर शहर जवळपास धुऊन गेलं. माणसं किती गेली? पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब, त्यांनाही हलवलं होतं पण ते परत तिथेच जाऊन बसले.

तेव्हा सॅटेलाइट नव्हता, मोबाईल नव्हता, तार होती आणि वर तळ्याशी बसून पाण्यावर नजर ठेवणारी माणसं होती. २००३ ला उत्तरकाशीत वरुणावत पर्वत शहरावर कोसळायला लागला तेव्हाही वेळेत लोकांना हलवलं म्हणून इमारती गेल्या पण माणसं वाचली. ऋषिगंगेला आणि धरालीला वर लक्ष ठेवणारं असं काही नव्हतं. हिमालयात प्रत्येक गधेऱ्याच्या डोक्यावर यंत्र बसवणं शक्य नाही हे मला कळतं, पण ज्याच्या तोंडाशी बाजार आणि यात्रेचा मुक्काम आहे तिथे तरी बसायला हवं, भोंग्यासकट.

कुठली ॲप, कुठले नंबर?

एनडीएमएचं (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं) सचेत ॲप घ्या, ते लोकेशनप्रमाणे इशारे देतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूस्खलन नावाचं ॲप आहे, त्यांचं दरडींच्या अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र जुलै २०२४ पासून कोलकात्यात सुरू झालंय. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की त्या दिवशी हलायचं नाही, पैसे गेले तरी. नंबर ११२, राज्याचा आपत्ती कक्ष १०७०, जिल्ह्याचा १०७७. घाटात नेटवर्क जातं, म्हणून नंबर कागदावर पण लिहा.

गाडीवर दरड पडली तर इन्शुरन्स मिळतो का?

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर दरडीचं नुकसान त्यात धरलेलं असतं, नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. निघायच्या आधी पॉलिसी काढून बघा.

आईबाबा सत्तरीचे आहेत, त्यांची खूप इच्छा आहे. नेऊ की नको?

न्या. माझ्या आईला मी तिच्या ७२ व्या वर्षी नेलं होतं, ऑक्टोबरमधे, आणि देवळासमोर ती जशी उभी राहिली ते मी विसरणार नाही. पण दोन दिवस जास्तीचे हातात ठेवा, परतीचं तिकीट अगदी टाइट काढू नका, कारण लोक घाईत असतात ते दुसऱ्या दिवशीची दिल्लीची फ्लाइट चुकेल म्हणून, आणि त्या घाईत बंद रस्त्यावर गाडी घालतात. त्यांची औषधं पाच-सहा दिवसांची जास्त घ्या, हँडबॅगेत. खोली तळमजल्यावर नाल्याच्या बाजूची नको. त्यांना जोरात पळता येणार नाही हे धरूनच जागा निवडायची, म्हणजे पळायची वेळच येणार नाही अशी. चालकाशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवा की आम्हाला उशीर झाला तरी चालेल.

आम्ही घरी आहोत, ते तिकडे आहेत आणि फोन लागत नाही. काय करावं?

आधी हे धरून चाला की टॉवर आणि वीज गेलेली असते, फोन न लागणं म्हणजे वाईट बातमी नव्हे. २०२५ ला गंगोत्री भागात महाराष्ट्रातले कितीतरी जण अडकले होते, घरच्यांना दोन-दोन दिवस पत्ता नव्हता, आणि ते सुखरूप होते. राज्याच्या आपत्ती कक्षाला फोन करून नाव, वय, रजिस्ट्रेशन नंबर, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल आणि शेवटचं बोलणं कुठून झालं ते सांगा. हे सगळं तुमच्याकडे असायला हवं, म्हणून ते निघायच्या आधी रोजच्या मुक्कामाची यादी तुमच्याकडे ठेवून घ्या, हॉटेलच्या नावासकट. आणि निघालेल्यांनी रोज संध्याकाळी पोचलो की एक मेसेज टाकायचा, रेंज नसेल तरी टाइप करून सोडून द्यायचा, रेंज आली की जातो.